न फोडलेली पट्टी

प्रिय आई-बाबा,

परवा औषधांचा डबा आवरताना आईच्या ल्युपसवरच्या गोळ्यांची, हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची, अख्खी पट्टी सापडली, एकही गोळी न फोडलेली. "आता बरं वाटतंय, उगाच कशाला?" असं आई म्हणाली आणि मी चिडून निघून आले. चुकलंच माझं. फोनवर हे नीट बोलणं होत नाही, म्हणून लिहितेय.

आई, ल्युपस म्हणजे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार. तू तो ओळखतेस गालावरच्या चट्ट्यांवरून आणि सांध्यांवरून. पण जीवावर बेततं ते बहुधा न दुखणाऱ्या जागी. मूत्रपिंडाला सूज आली तरी दुखत नाही. लघवीला फेस येतो, पाय सुजतात, बीपी चढतं. कधी तर यातलं काहीच होत नाही, फक्त तपासणीत लघवीतून प्रथिनं जाताना दिसतात. मूत्रपिंडं बिघडली की धोका एकदम वाढतो.

1950च्या दशकात निदानानंतर 5 वर्षांनी जेमतेम निम्मे रुग्ण हयात असत, आज 90 टक्क्यांहून जास्त असतात. तू सोडलेली ही गोळी नियमित घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलंय. या गोळीने डोळे बिघडतील ही तुझी भीती खोटी नाही, पण रोजचा डोस वजनाच्या किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या आत ठेवून दरवर्षी डोळे तपासले तर तो धोका फार कमी राहतो. स्टेरॉइडचं वेगळं. मोठा डोस फार काळ चालला तर संसर्ग, बीपी, साखर सगळंच मागे लागतं. तरी तेही मनाने बंद करायचं नाही, एकदम थांबवलं तर जिवाला धोका असतो. डॉक्टरच हळूहळू उतरवतील.

बाबा, हे तुमच्यासाठी. मागच्या वेळी 102 ताप असताना आईने तुम्ही खोलीत येण्याआधी थर्मामीटर झटकून ठेवला होता. ल्युपसच्या माणसाचा ताप अंगावर काढायचा नसतो. संसर्गाने माणसं दगावतात. 100.4च्या वर गेला की त्याच दिवशी डॉक्टर, ती कितीही "काही नाही" म्हणाली तरी. आणि गॅलरीतली सिगारेट सोडा ना. या आजारात वर्षं सरतात तसा हृदयविकाराचा धोका वाढतो, त्यात तिच्या छातीत तुमचा धूर नको.

सोमवारी लघवीच्या तपासणीसाठी नाव घातलंय. सकाळची पहिली लघवी लागते. बाटली मी रविवारी घेऊन येते.

तुमची लेक