दुर्बीण बदलण्याआधी माउंट तपासा

महोदय,

एअर रायफलवर बसवलेली दुर्बीण ‘कितीही फिरवली तरी नेम जागचा हलत नाही’ म्हणून दुकानात परत जाते. दुकानदार दुसरी देतो आणि आठवड्याभरात तीही तशीच वागू लागते. बहुतेक वेळा दुर्बिणीचा बिचारीचा काही गुन्हा नसतो. हे पत्र हौसेने सराव करणाऱ्यांच्या स्प्रिंगवाल्या रायफलींपुरते आहे. स्पर्धेतल्या १० मीटर एअर रायफलला दुर्बीण चालतच नाही, तिथे पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची) असते, हे वरळीच्या रेंजवर जाणाऱ्यांना सांगायला नको.

पहिली गफलत हिशेबाची. दुर्बिणीवरच्या, नेम सरकवायच्या नॉबवर ‘१/४ एमओए’ असे कोरलेले असते, म्हणजे नॉबच्या एका क्लिकला पाव एमओए. एक एमओए (मिनिट ऑफ अँगल, अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० मीटरवर साधारण २९ मिलिमीटर, म्हणजे तिथे एका क्लिकला ७ मिलिमीटरहून थोडे जास्त. १० मीटरवर मात्र तोच क्लिक जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. छरा ४.५ मिलिमीटरचा, तेव्हा सहा क्लिक दिले की भोक कसेबसे एका छऱ्याएवढे सरकते. छरे २ सेंटिमीटर खाली लागत असतील तर २७-२८ क्लिक द्यावे लागतात. चार क्लिक देऊन ‘बिघडली’ म्हणणारे कमी नाहीत. शिवाय नॉबवरचा ‘अप’चा बाण छरा कुठे जाईल ते सांगतो, आतली फुली कुठे जाईल ते नव्हे. फुली उलट दिशेला सरकलेली पाहून लोक नॉब पुन्हा उलटा फिरवतात आणि गोंधळ दुप्पट होतो.

आता माउंट, म्हणजे दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणारी पकड. खरी मेख इथे आहे. (रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करूनच हात लावावा.) स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दोन्हीकडून बसतो. पिस्टन सुटताना रायफल मागे येते आणि तो आपल्या सिलिंडरच्या टोकाला थडकला की पुढे उसळते. या हिसक्यांनी रायफलीवरच्या ११ मिलिमीटरच्या खाचेवरचा माउंट हळूहळू मागे घसरतो. माउंटच्या पुढच्या कडेला टेकवून बारीक पेन्सिलची रेघ मारा आणि वीसेक छरे सोडा. रेघ आणि कड यांच्यात केसाएवढी जरी फट दिसली, तरी चोर सापडला. खाच आणि माउंटचा जबडा स्पिरिटने पुसून तेलाचा अंश काढा आणि माउंटची स्टॉप पिन (त्याला घसरू न देणारी खुंटी) रायफलीवरच्या तिच्या भोकात बसवा. पिनच नसलेला माउंट स्प्रिंगच्या रायफलीवर लावू नये, मग तो कितीही स्वस्त मिळो.

उलट बाजूची चूक म्हणजे दुर्बिणीला वेढणाऱ्या माउंटच्या कड्यांचे स्क्रू जीव खाऊन आवळणे. दुर्बिणीची नळी पातळ ॲल्युमिनियमची असते. ती चेपली की आतली छोटी नळी, जिच्यावर नॉबचे स्क्रू टेकतात, अडकते. मग क्लिक ऐकू येतात, पण नेम हलत नाही. दोन-चार छऱ्यांच्या हादऱ्याने तो अचानक सुटतो आणि भलतीकडेच जातो. कड्यांच्या स्क्रूंना साधारण १.७ ते २ न्यूटन-मीटर ताण पुरतो. माउंट बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळावा. स्क्रू तिरपे-समोरासमोर, थोडे थोडे फिरवावेत आणि दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवावी. असा ताण मोजून आवळणारा टॉर्कचा स्क्रूड्रायव्हर नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या दुकानांत विचारावा.

तिसरे दुखणे नॉब टोकाला पोहोचण्याचे. आतल्या नळीला एका बाजूने स्क्रू दाबतो, समोरून स्प्रिंग. ‘अप’ पार संपत आला की स्क्रू मागे गेलेला आणि स्प्रिंग सैल पडलेली असते, त्यामुळे प्रत्येक छरा वेगळ्या जागी. मोडून छरा भरायच्या रायफलींची नळी किंचित खाली झुकलेली असते, म्हणून हे त्यांच्यातच जास्त. नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत हलक्या हाताने फिरवून क्लिक मोजा आणि निम्मे परत या. दोन्ही नॉबचे असे केले की फुली मध्यावर येते. मग उरलेली उंची नॉबने न देता मागच्या कड्याखाली पट्टी घालून द्या. दोन कड्यांत १०० मिलिमीटर अंतर असेल तर ०.१ मिलिमीटर जाडीच्या पट्टीने १० मीटरवर नेम १० मिलिमीटर वर जातो. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मचा तुकडा उत्तम. दोनापेक्षा जास्त तुकडे लागत असतील तर थांबा, दुर्बिणीची नळी वाकेल. झुकाव भरून काढणारा माउंट घ्या.

विक्रेत्यांनाही एक विनंती. मोठ्या रायफलींसाठीच्या पुष्कळ दुर्बिणींचा पॅरलॅक्स (डोळा हलला की फुली लक्ष्यावरून सरकल्यासारखी दिसण्याचा दोष) १०० यार्डांसाठीच काढून पक्का केलेला असतो. १० मीटरवर त्यात चित्र धूसर दिसते आणि डोळा जरा सरकला की नेमही सरकतो. शिवाय स्प्रिंगचा पुढचा हिसका सोसायला त्या बनवलेल्याच नसतात. एअर रायफलसाठी, १० यार्डांपर्यंत फोकस येणारी, असे गिऱ्हाइकाला सांगून द्यावे आणि बिलावर लिहावे.

पावसाळ्यात काचेवर बाहेरून धुके धरले तर घाबरू नये. एसीतून बाहेर आल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ते जाते. आतून धरले तर मात्र सील गेले, त्यावर घरी इलाज नाही.

एवढे करूनही शंका उरली तर छरा न झाडता परीक्षा घ्या. दुर्बीण माउंटसकट लाकडी ठोकळ्यावर बसवून सुताराच्या शिकंज्यात धरा आणि १० मीटरवर आलेखाचा कागद चिकटवा. उजवीकडे ४० क्लिक, खाली ४०, डावीकडे ४०, वर ४०. प्रत्येक बाजू साधारण २९ मिलिमीटर भरली पाहिजे आणि फुली निघाल्या ठिपक्यावर परत आली पाहिजे. नाही आली, तर दोष दुर्बिणीचाच. चारही कोपरे पेन्सिलने नोंदवलेला तोच कागद दुकानदारापुढे ठेवा, वॉरंटीचे बोलणे सोपे जाते.

— एक वाचक, माहीम, मुंबई