‘देवाची लेकरे’: जन्माने की दत्तक?

महोदय,

‘सगळीच माणसे देवाची लेकरे, मग ख्रिस्ती लोकांनी स्वतःला वेगळे का म्हणवावे?’ हा आपल्या रविवार पुरवणीतील लेखाचा प्रश्न रास्त आहे. अथेन्समध्ये येशूचा प्रेषित पौल याने तिथल्या श्रोत्यांना ठाऊक असलेल्या कवीची ओळ घेऊन ‘आपण त्याचा वंश आहोत’ असे म्हटले, ते अवघ्या मानवजातीबद्दलच. पण निर्मात्याशी असलेले नाते आणि लेकराचे नाते बायबल एकाच मापाने मोजत नाही. ज्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला त्यांना देवाची मुले होण्याचा अधिकार दिला, असे योहान आपल्या शुभवर्तमानात लिहितो. जो अधिकार द्यावा लागतो तो जन्मतः नसतोच. (ख्रिस्ती घरात जन्मलो म्हणजे झाले, हा आमचा समजही इथेच निकालात निघतो.)

या नात्यासाठी पौलाचा शब्द ‘दत्तकपण’. आपल्या कानाला तो जरा उणा वाटतो. दत्तक म्हणजे पोटचा नव्हे! रोमी वाचकाला मात्र त्यात मान दिसला असणार. वारस हवा म्हणून तिथे चांगल्या जाणत्या पुरुषालाही दत्तक घेत. घराण्याचे नाव, मालमत्ता सारे त्याचे होई. ज्युलियस सीझरच्या मृत्युपत्राने ऑक्टेव्हियन त्याचा पुत्र ठरला आणि पुढे सम्राट ऑगस्टस झाला. रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पौलाने लिहिलेले ‘रोमकरांस पत्र’ इ.स. 57 च्या सुमाराचे. त्या वेळी गादीवर असलेला नीरोही क्लॉडियसने 50 साली दत्तक घेतलेला. ‘मुले आहोत तर वारसही आहोत’ हे या पत्रातले वाक्य त्या शहरात कुणाला फोड करून सांगावे लागले नसेल. त्याच वाक्यात पुढे ख्रिस्ताबरोबर दुःख सोसण्याची अट आहे, ती आमचे प्रवचनकार सहसा गाळतात.

‘अब्बा’ म्हणजे ‘बापा’; हा अरामी शब्द बायबलच्या नव्या करारात तीनदाच येतो. एकदा गेथशेमाने बागेत, अटकेच्या रात्री, खुद्द येशूच्या तोंडी. उरलेल्या दोनदा पौलाच्या पत्रांत, विश्वासणाऱ्यांच्या तोंडी. पत्रे ग्रीक, पण हाक तीच ठेवली आहे. पुत्राची हाक दत्तकांना जशीच्या तशी मिळाली.

तरीही आम्ही वागतो ते येशूच्या दाखल्यातल्या उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावासारखे. बापाचे धन उधळून परतलेला धाकटा ‘मला मोलकऱ्यासारखे ठेवा’ हे वाक्य जुळवून आला होता. बापाने ते बोलूच दिले नाही. थोरला कधी घराबाहेर पडला नाही, आणि अंगणात उभा राहून म्हणतो, ‘इतकी वर्षे मी तुमची चाकरी करतो आहे.’

आपला,
एक ख्रिस्ती वाचक