बाबा, ती खंत आता सोडा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही पुन्हा म्हणालात, "तुला इंग्रजी माध्यमात घालायला हवं होतं, फार कष्ट पडले तुला." तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

कष्ट पडले, हे खरं. निर्यातीच्या कागदपत्रांचं काम नवीन होतं तेव्हाची गोष्ट. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनी मालाची देते त्या पावतीवर, 'रिसीव्हड फॉर शिपमेंट' एवढंच होतं आणि मी ते तसंच बँकेत जाऊ दिलं. लेटर ऑफ क्रेडिटला, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याच्या बँकेच्या हमीपत्राला, हवं होतं 'शिप्ड ऑन बोर्ड'. बँक माल बघत नाही, फक्त कागद बघते. अशा हमीपत्रांसाठी 2007 पासून लागू असलेल्या यूसीपी 600 या आंतरराष्ट्रीय नियमावलीत तसा नियमच आहे. कागद परत आले, पैसे अडकले. त्या रात्री मी दोन्ही शब्द वहीत लिहिले आणि समोर मराठी लिहिलं: 'माल ताब्यात घेतला', 'माल जहाजावर चढला'. मराठीत लिहिल्यावर मग तो फरक जन्मात विसरले नाही.

इंग्रजी हवंच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. करार स्वतःला वाचता आला नाही, तर मधला माणूस सांगेल तेच खरं मानावं लागतं. पण मी रोज ज्यांना मेल लिहिते ते कोरियन, तुर्की, ब्राझीलचे लोक. इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नाही. माझे उच्चार कसे आहेत, हे त्यांच्यापैकी कुणी कधी विचारलेलं नाही. जपानच्या राकुतेन कंपनीने 2010 मध्ये कामकाजाची भाषा इंग्रजी करायचं जाहीर केलं, तेव्हा तिथल्या मोठ्या वयाच्या माणसांनाही शिकायला बसावं लागलं. जहाजांवर वेगवेगळ्या देशांचे खलाशी एकत्र असतात, म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने 2001 मध्ये ठरावीक इंग्रजी वाक्यांचा संचच मंजूर केला. साधी, छोटी वाक्यं. ऐकणाऱ्याचा गैरसमज होऊ नये, एवढीच त्यामागची काळजी. मला रोज लागतं ते इंग्रजीही असंच आहे, आणि ते कोणत्याही वयात शिकता येतं.

आई, तू हल्ली दादाच्या मुलीशी 'कम', 'सिट', 'ईट' असं बोलतेस. तुझा हेतू मला कळतो. पण तिच्याशी मराठीतच बोल गं, भरपूर बोल. तिचे 'का' आणि 'कसं' आधी मराठीत होऊ देत. इंग्रजीसाठी बाबा आहेत.

बाबा, तुम्ही रोज संध्याकाळी शब्दकोशातले पाच शब्द विचारायचात. अर्थ सांगून भागायचं नाही, प्रत्येकाचं एक वाक्य करून दाखवावं लागायचं. माझं इंग्रजी तिथलं आहे. तपकिरी कागदाचं कव्हर घातलेला तो शब्दकोश कपाटात असेल, तर तिच्यासाठी काढून ठेवा. 'एस'ची पानं सुटली होती, मी आले की चिकटवून देईन.

तुमची लेक