बापूचा फॉर्म

प्रिय बंड्या,

फोनच केला असता, पण बापू सध्या माझ्याकडे मुक्कामाला आहे आणि हा विषय अर्धवट त्याच्या कानावर जायला नको. म्हणून पत्र. प्रकृती सगळ्यांची ठीक, माझा गुडघा बरा, आईची शुगर आटोक्यात. आता मुद्द्याचं.

एव्हरेस्ट बेस कॅम्पचं पक्कं झालंय हे तुला ठाऊक आहेच. गाईडने सगळ्यांना आरोग्याचा फॉर्म भरायला सांगितलाय आणि ते गोळा करून पाठवायचं काम माझ्याकडे आहे. बापूने त्याचा भरून दिला. ‘यापूर्वी उंचीवर कधी त्रास झाला आहे का?’ याच्यापुढे ठसठशीत अक्षरात लिहिलंय, ‘नाही’. खाली सही.

आधीच्या ट्रेकमधली ती रात्र आठव. तंबूत तू, मी आणि बापू, तिघेच होतो. संध्याकाळपासून तो जेवला नव्हता, डोकं दुखतंय हे विचारूनसुद्धा कबूल केलं नव्हतं. बाहेर गेला तेव्हा दारू प्यायल्यासारख्या झोकांड्या खात होता. बुटाची नाडी बांधता येईना. ‘मी जरा पडतो, सकाळी बघू’ हा त्याचा हेका आणि तुझं एकच पालुपद, ‘खाली. आत्ता.’ तू तेव्हा त्याच्यावर ओरडला नसतास तर काय झालं असतं ते मी लिहीत नाही. उजाडताना खाली पोचलो, गडी माणसात आला आणि पहिलं काम काय केलं, तर त्याच्या घरी वहिनींना यातलं अक्षर कळता कामा नये म्हणून आपल्याला शपथ घातली.

ती आपण आजवर पाळली. पण शपथ वहिनींपुरती होती. गाईडपासून लपवायचं असं आपण कधीच कबूल केलं नव्हतं. मला तरी असंच आठवतं. तुला काय आठवतं ते कळव.

विषय काढला की त्याचं उत्तर तयार असतं: ‘तेव्हा आपण घाई केली होती. आता रोज पहाटे धावतो, तुमच्या दुप्पट.’ धावतो, मान्य आहे. पण विरळ हवा दम किती आहे ते विचारत नाही. उलट असा दमदार माणूसच भराभर वर जातो आणि शरीराला सवय व्हायच्या आत अडचणीत येतो. शिवाय ज्याच्या मेंदूला एकदा सूज आली, त्याला डॉक्टर पुढच्या वेळीही जास्त धोक्यातलाच धरतात. झोकांडी जाणं ही त्याचीच खूण. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे. तिथे प्रत्येक श्वासात समुद्रकिनाऱ्याच्या निम्म्याच्या आसपास प्राणवायू मिळतो, मग छाती कितीही रुंद असो.

त्यात काल नवीनच काढलं. वाटेतल्या दिंगबोचे गावातली दुसरी रात्र गाळू, एक सुट्टी वाचेल! गाईडने आखणी कशी केलीय बघ. विमानाने लुक्ला २,८६० मीटर, मग थोडं खाली उतरून फाकदिंग, मग नामचे ३,४४० आणि तिथे दोन रात्री. पुढे तेंगबोचे, मग दिंगबोचे ४,४१०, तिथे पुन्हा दोन रात्री. नंतर लोबुचे ४,९४० आणि गोरक्षेप ५,१६४. तीन हजारांच्या वर गेलं की झोपायची जागा एका दिवसात साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नको आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र तिथेच काढायची, या हिशोबाने ते मुक्काम बसवलेत. त्या दिवशी कोणी लोळत पडत नाही. दिंगबोचेच्या मागच्या टेकाडावर चढायचं आणि झोपायला परत खाली यायचं. बापूला हे सगळं पाठ आहे. दुसऱ्याला समजावताना मास्तरासारखा समजावतो. स्वतःला लावून घेत नाही.

सामानाचं ऐक. माझा हॉल म्हणजे दुकान झालंय. लुक्लाच्या विमानात हातातल्या सॅकसकट माणशी पंधरा किलो. वर चढताना दोघांच्या डफल बॅगा एक पोर्टर उचलतो. पोर्टरांच्या बाजूने काम करणाऱ्या संघटना नेपाळात तीस किलोंची मर्यादा सांगतात, आणि त्यात त्याचं स्वतःचं सामानही आलंच. म्हणून मी प्रत्येक वस्तू वजनकाट्यावर घालतोय. आपल्या हौसेचा किलोभर भार दुसऱ्याच्या पाठीवर आठवडाभर बसणार, हे मला सहन होत नाही. बापूने दोन लेन्स आणि ट्रायपॉड घेतलाय. आणि वजन कमी करायचं म्हणून बाहेर काय काढलं? औषधांची पिशवी! उंचीच्या त्रासावरच्या गोळ्यांची, डायमॉक्सची, पट्टी कपाटावर ठेवून दिली, ‘मला कशाला’ म्हणून. मी ती परत आत घातली, त्याने परत काढली. डॉक्टरांनी सांगितलंय, १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वरचेवर जावं लागतं, एवढंच. ‘गोळीने लक्षणं झाकली जातात’ हे कुठून तरी त्याच्या डोक्यात बसलंय. झाकली जात नाहीत रे, शरीराला रुळायला मदत होते. तुझं तो ऐकतो, तूच सांग.

हो, आणि सुती बनियनचा वाद मी अजून सोडलेला नाही! त्या वेळी तू ‘सुती ते सुती’ म्हणत तीन बनियन नेलीस आणि चौथ्या दिवशी माझं थर्मल अंगात घालून हिंडत होतास, तेही न विचारता. घामाने भिजलेलं सुती कापड वाळत नाही, वारा लागला की अंग गारठतं. यादीत सुती काही नाही. आत थर्मल, मध्ये फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, संध्याकाळसाठी डाऊन, म्हणजे पिसांचं जॅकेट. हातमोज्यांच्या दोन जोड्या, कारण तू एक हरवतोसच. यंदा तू नाहीस तरी सवयीने दोनच लिहिल्या. बूट सगळ्यांचे वापरून मऊ झालेत. बॅटऱ्या रात्री झोपायच्या पिशवीत घ्यायच्या, थंडीत उतरतात.

विम्याचंही बघितलं. हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च सहा हजार मीटरपर्यंत मिळेल अशी पॉलिसी घेतलीय. तिथेही तोच प्रश्न छापलेला आहे. आधीचा त्रास लपवला आणि पुढे तेच झालं, तर कंपनी पैसे नाकारू शकते. पण पैशांचं सोड. मला भीती गोरक्षेपच्या रात्रीची आहे. गाईड रोज संध्याकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावणार, डोकं दुखतंय का विचारणार, आणि बापू हसून ‘एकदम फिट’ म्हणणार. गाईड अनुभवी आहे, पण त्याने बापूचं ते हसू पाहिलेलं नाही. आपण पाहिलंय.

म्हणून असं ठरवलंय. रविवारी त्याच्यासमोर फॉर्म ठेवणार आणि म्हणणार, खरं लिही. लिहिलं तर त्याची दिंगबोचेची दुसरी रात्र, डायमॉक्स आणि ट्रायपॉड या तिन्हींवर मी एक शब्द बोलणार नाही, ते गाईड बघून घेईल. नाही लिहिलं तर मी गाईडला स्वतः कळवणार. बापू वर्षभर बोलणार नाही माझ्याशी. चालेल. पण शपथ तिघांची होती, त्यामुळे तुला विचारल्याशिवाय पाऊल उचलत नाही.

तुझ्या बदलीचं कळलं, बरं झालं, निदान रोजचा प्रवास तरी वाचला. छकुलीच्या दहावीच्या निकालाचे पेढे बाकी आहेत, विसरलेलो नाही. दात काढलास का शेवटी? नवीन घराचे फोटो पाठव, वहिनींना नमस्कार सांग.

रविवारच्या आत एका ओळीचं उत्तर दे, ‘सांग’ किंवा ‘थांब’. थांब म्हणालास तर शनिवारी रात्री तू स्वतः बापूला फोन करायचास, आणि त्या रात्री बोलला होतास त्याच आवाजात बोलायचंस. आणि तुझे ते जाड लोकरी मोजे पाठवून दे, बापूच्या पायाला माझे होत नाहीत.

तुझा,
अण्णा