तेराव्यानंतरचे दिवस गल्लीने सांभाळावेत

मा. संपादक,
स. न.

सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांत कमावता माणूस अचानक गेला, की तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. मग पाहुणे धुळे-नंदुरबारच्या गाड्या धरतात आणि खरी अडचण सुरू होते. भाडे थकते, मोठी मुलगी शाळा सोडून धाकट्याला सांभाळते आणि कुणीतरी सुचवते, ‘मुलांना आश्रमात टाका.’ केवळ पैशांपायी आई आणि लेकरांची ताटातूट होऊ नये, असे वाटत असेल तर गल्लीची जुळणी अडचण येण्याआधीच हवी.

वीस-पंचवीस घरे पुरेत. त्याहून मोठ्या गटात प्रत्येकाला वाटते, दुसरा कुणी जाईल. जेवण, मुले, पैसे आणि कागदपत्रे या चार कामांना दोन-दोन माणसे नेमावीत. एकाच बाईवर सगळे पडले, तर दोन महिन्यांत तीच थकते. पहिला आठवडा डबा, नंतर शिधा द्यावा, म्हणजे घरची चूल पेटते. आईला पहिल्या पाळीचे काम मिळाले, तर सातला गेट गाठायचे असते. शाळेपर्यंतचा मधला वेळ मूल कुठे थांबणार, ते घर एकच ठेवा. रोज घर बदलले की लहान मूल रडत बसते आणि आईचे काम सुटते.

घरटी महिना ५० रुपये काढले, तर पंचवीस घरांचे वर्षाला १५,००० होतात. खाते दोन सह्यांचे असावे. मदत आणि उसनवारी वहीत वेगळ्या पानांवर लिहा. ही सरमिसळ झाली की माणसे एकमेकांना तोंड चुकवू लागतात. बचत गटाच्या पैशांना हात लावू नये.

सगळ्यात जास्त घोळ कागदपत्रांत होतो. माणूस नाशिकमध्ये गेला आणि अंत्यविधी गावी झाला, तरी मृत्यूची नोंद नाशिकलाच होते, तीही २१ दिवसांत करायची असते. घरचे मात्र ग्रामपंचायतीत हेलपाटे घालतात. त्या दाखल्यावाचून पुढचे सगळे अडते. बालसंगोपन योजनेत मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात. अर्ज महिला व बालविकास कार्यालयात द्यायचा, आदेश बालकल्याण समिती देते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचे बोनाफाईड, आधार, रेशनकार्ड आणि बँक पासबुक एकाच फाइलमध्ये ठेवा. अर्जाआधी प्रत्येक कागदावरचे मुलाचे नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. शाळेत ‘सोनवणे’ आणि आधारवर ‘सोनावणे’ असले, तरी प्रकरण अडकू शकते. दारिद्र्यरेषेखालील घराला राष्ट्रीय कुटुंब अर्थसाहाय्याचे एकरकमी २०,००० मिळतात. मृताचे वय १८ ते ५९ असावे लागते. अर्ज तहसीलमध्ये.

एका बाबतीत मात्र शेजाऱ्यांनी पंच होऊ नये. घरात मारहाण असेल तर ‘समजून घे’ म्हणून बाईला परत पाठवणे धोक्याचे आहे. १८१ वर फोन लावावा, मुलांसाठी १०९८. बाईला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिलेला आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. हे तिला कुणीतरी शांतपणे, एकटीला गाठून सांगायला हवे.

महापालिकेकडे मागणी एवढीच: प्रत्येक प्रभागातले समाजमंदिर महिन्यातून एका रविवारी सकाळी अशा गटांना विनाभाडे उघडून द्यावे आणि त्या दोन तासांत दाखल्यांचे काम जाणणारा एक कर्मचारी तिथे बसवावा.

– वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्या, सातपूर, नाशिक