पंचहौदाचा चहा

पुणे, 12 डिसेंबर

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र परवा मिळालं. आमच्या ख्रिस्ती पंचहौद मिशनच्या चहाची गोष्ट वाचून तुझ्या लेकीनं विचारलं, "आई, हे रूथमावशीचं देवालय ना?" फार बरं वाटलं गं. आता तिला सगळं नीट सांग.

ऑक्टोबर 1890. मिशनमध्ये व्याख्यान झालं आणि मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. त्यांत रानडे होते, टिळक होते. कुणी चहा प्यायले, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशींनी 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात सगळ्यांची नावं छापून आणली आणि ग्रामण्य उभं राहिलं, म्हणजे ख्रिस्ती माणसांच्या हातचं घेतलं म्हणून जातीबाहेर टाकण्याचा वाद. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. आपण काशीला प्रायश्चित्त घेतलं, असं टिळकांनी सांगितलं. रानड्यांनी 1892 मध्ये घेतलं. केवढी यातायात, एका कपापायी!

चहा घेणाऱ्यांची नावं पुण्याला पाठ आहेत. ज्यांच्या हातचा तो घेतला, त्यांचं कुणी विचारत नाही, आणि मला तेच लागतं. कारण ती आमची माणसं.

आपली गुरुवार पेठ तेव्हा वेताळ पेठ होती. मिशनचं पवित्र नाम देवालय, म्हणजे आपलं चर्च, 1885 चं, म्हणजे चहाच्या वेळी अगदी नवं. बाजूला सुटा उभा असलेला मनोरा आणि त्यातल्या आठ घंटा तुला आठवतच असतील. काशीचे पंडित नीळकंठशास्त्री गोरे ख्रिस्ती झाल्यावर या मिशनमध्ये राहून गेले. इंग्लंडातल्या वाँटेजच्या सिस्टर्स, म्हणजे ख्रिस्ती जोगिणी, 1877 मध्येच पुण्यात आल्या होत्या. माझी पणजी 1899 च्या दुष्काळात पोरकी झाली, ती त्यांच्याच वसतिगृहात वाढली. अक्षर गिरवायला तिथंच शिकली, लग्नही याच देवालयात लागलं. आम्हाला इथं इतिहास वगैरे वाटत नाही, सुनंदा. माहेर वाटतं.

आणि हे लेकीला नक्की सांग: शेजारच्या गंज पेठेत जोतीरावांनी आपल्या घरचा हौद 1868 मध्येच अस्पृश्यांना खुला केला होता. चहाचा गवगवा झाला, त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला ते गेले. दोन पेठा लागून, दोन्हीकडे हौद, आणि गावाला प्रश्न एकच: कुणाच्या हातचं प्यायचं?

तुझ्या आजीनं तो आमच्या ओट्यावर सोडवला. आठवतं? नाताळात करंज्यांचं ताट घेऊन मी तुमच्याकडे आले, तर त्या ताट रिकामं करून माझ्याबरोबर थेट आमच्या घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, "चहा टाक, साखर जरा जास्त." मग दर नाताळला यायच्या. आईनं त्यांचा कप वेगळा ठेवला नव्हता, आमच्यातलाच कुठलाही द्यायची.

यंदा आई थकली आहे, करंज्या मीच करणार. चोवीसच्या रात्री उपासनेला लेकीला घेऊन ये. घंटा सुरू झाल्या की मनोऱ्याखाली उभी राहा, मी तिथं येते.

तुझी,
रूथ