गाडी त्याची, चलन माझं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त कालच्या अंकात आपण चारचाकी चालवणाऱ्यांच्या कायदेशीर जबाबदाऱ्यांची पानभर चौकट छापलीत, त्याबद्दल आभार. सीटबेल्ट लावा, पिऊन चालवू नका, विमा भरा, अल्पवयीन पोराच्या हाती किल्ली देऊ नका, नाहीतर २५ हजार दंड आणि पालकाला ३ वर्षांपर्यंत तुरुंग. सगळं बरोबर. २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर आणि त्या ३०० शब्दांच्या निबंधानंतर यातलं निम्मं तर शेंबड्या पोरालाही पाठ झालंय. पण एक जबाबदारी अशी आहे, जी गाडीला हातही न लावता माणसाच्या मानगुटीवर बसते. तिला आपल्या पानभर मजकुरात एक ओळही मिळाली नाही.

माझ्याकडे आता गाडी नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मुलगा म्हणाला, बाबा आता पुरे, म्हणून गावातल्याच एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला ती देऊन टाकली. पैसे चोख मिळाले, ते नाकारत नाही. टीटीओ, म्हणजे मालकी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर सह्या झाल्या, चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट निघाली, आरसी बुक, विमा, दुसरी किल्ली सगळं त्यानं नेलं. फॉर्मवर घेणाऱ्याच्या नावाची जागा तेवढी कोरी. विचारलं तर म्हणाला, "काका, गिऱ्हाईक ठरलं की भरतो, तुम्ही निवांत राहा." सही केलीच कशाला, असं आता काही शहाणे वाचक म्हणतील. त्यांनी एकदा जुनी गाडी विकून पाहावी.

मग मोबाइलवर ई-चलनं यायला लागली. आधी वाटलं, हल्ली फसवणुकीचे मेसेज येतात तसलंच काही असेल. मुलानं साइटवर नंबर टाकून फोटो उघडला, तर गाडी माझीच! मागच्या काचेवर 'श्री गुरुदेव दत्त', मी स्वतः नरसोबाच्या वाडीहून आणून लावलेलं, जरासं तिरकं. त्याच्या खाली आता कुणा 'भाऊं'चा गॉगल घातलेला फोटो चिकटलाय आणि काचांना काळी फिल्म आहे. वेग ताशी ११८. माझ्या हाती या गाडीनं कधी ऐंशी ओलांडली नव्हती. तिच्यात एवढी धमक आहे हे मला सरकारी कॅमेऱ्यानं सांगितलं.

विक्रेता म्हणतो, ती पुढं गेली, त्यानंही पुढं दिली. ॲपवर तक्रार केली तर उत्तर आलं, वाहन आपल्या नावावर आहे. (तेच तर कळवतोय!) आरटीओच्या खिडकीवर सांगितलं, घेणाऱ्याला घेऊन या. अहो, घेणारा कोण हेच विचारायला मी आलो होतो. लोकअदालतीची नोटीस मात्र वेळेवर येते, तिथे सरकारी कारभार अगदी चोख.

इथवर पैशांचं होतं, सोसलं. गेल्या महिन्यात एका पोलीस ठाण्यातून फोन आला. "तुमच्या गाडीनं दुचाकीवाल्याला उडवलंय, कोण चालवत होतं?" मी म्हटलं, मला काय माहीत. त्यावर हवालदारसाहेबांनी मला मोटार वाहन कायद्याचं कलम १३३ ऐकवलं. चालक कोण होता हे पोलिसांना सांगणं मालकावर बंधनकारक आहे. दुचाकीवाला हाताच्या फ्रॅक्चरवर निभावला, देवाची कृपा. पण त्या रात्री मला झोप नाही. गाडीचा विमा त्या भाऊंनी पुढं भरलाय की नाही, कुणाला ठाऊक. नसेल आणि उद्या कुणाचा जीव गेला, तर भरपाईच्या दाव्यात नाव माझंच येणार, आणि ती भरायची कशातून, माझ्या पेन्शनमधून?

ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, काका, भीती खरी आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकालच आहे. गाडी मधे कितीही हातांतून गेलेली असो, आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव तोच कायद्यानं मालक. त्याच कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आणखी एक गोष्ट त्यांच्याकडूनच कळली. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. अशा विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची सूचना फॉर्म २९-सी मध्ये नोंदवली, की पुढची विक्री होईपर्यंत गाडीचा मालक तोच धरला जातो, पुढचं सगळं त्याच्या डोक्यावर. किती सोपं! आमच्या विक्रेत्याच्या भिंतीवर असलं अधिकारपत्र मी तरी पाहिलं नाही. तिथे लक्ष्मीचा फोटो होता आणि आपल्या वृत्तपत्राचं कॅलेंडर होतं.

ही माहिती आपल्या चौकटीत चार ओळींत बसली असती. जागा नव्हती म्हणाल, तर त्याच अंकात छोट्या जाहिरातींत 'जुनी गाडी विका, रोख पैसे, कागदपत्रांची कटकट नाही' अशा जाहिराती मी भिंगातून वाचल्या आहेत. कटकट नाही म्हणजे काय, तर कटकट माझ्याकडे. असल्या जाहिराती घेताना अधिकारपत्राचा क्रमांक मागायला काय हरकत आहे? भिंगाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, पिवळ्यावर पांढरी अक्षरं छापायची कल्पना कुणाची, त्याचं एकदा अभिनंदन करायचं आहे.

आणि वेगमर्यादेबद्दल आपण एवढं लिहिलंत, तर आमच्या बसस्थानकासमोरच्या चौकातही बातमीदार पाठवा. ताशी ३० चा फलक एका वाढदिवसाच्या फ्लेक्समागे गेले कित्येक महिने झाकलेला आहे. वाढदिवस झाला, केक संपला, फ्लेक्स तसाच. तिथे चालकानं कोणती जबाबदारी पाळायची, तेवढं पुढच्या चौकटीत छापावं.

आपला,
कागदोपत्री गाडीमालक
(नाव छापू नये, चलनांवर ते पुरेसं छापून येतं)